वीरुलंट मेथी

रिसोडात जगदेव मास्तरांना ‘लॅटिन मास्तर’ म्हणतात आणि लोक कौतुकानं म्हणतात असा त्यांचा समज आहे. लॅटिन त्यांना येत नाही. इंग्रजीही जेमतेमच. पण बसस्टँडच्या मागे, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे ते ‘इंग्लिश रूट क्लास’ चालवतात. दर वर्षी त्यांना नवी पोरं मिळतात, कारण दर वर्षी नवे आईबाप तयार होतात. पोराला इंग्रजी येईल असं नुसतं कुणी म्हणालं, की आईबापांची विचारशक्ती जिन्याखालीच चपलांबरोबर राहते.

मास्तरांची सगळी विद्या एका मुळ्यावर उभी आहे. थट्टा नव्हे, खरंच मुळ्यावर. घरची भाजीची बागाईत: वांगी, मेथी, पालक, मुळे. वाशीमच्या कॉलेजात बी.ए.ला होते तेव्हा पोरं त्यांना ‘मुळेवाला’ म्हणत. एक दिवस इंग्रजीच्या प्राध्यापकांनी जाता जाता सांगितलं की रॅडिश आणि रॅडिकल हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दातून आले. रॅडिक्स, म्हणजे मूळ. इरॅडिकेट हा त्यातलाच, त्याचा अर्थ मुळासकट उपटणं. जगदेव मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, “सर, आमच्यात बी तसंच हाय. मूळ अन् मुळा.”

“शाब्बास,” प्राध्यापक म्हणाले.

झालं! बोलले ते बरोबरच होतं, त्यात काही खोट नाही. पण एकदा शाबासकी मिळाली की माणसानं ती खिशात घालून पुढच्या कामाला लागावं. जगदेवांनी ती डोक्यावर घेतली आणि चाळीस वर्षं खाली ठेवली नाही.

त्या दिवशी त्यांचा सिद्धांत ठरला. इंग्रजी शब्द म्हणजे मुळा. पाला धरायचा आणि उपटायचा. खाली लॅटिन निघतं, आणि लॅटिनच्याही खाली आपलं मराठी निघाल्याशिवाय राहत नाही. वर्गात ते फळ्यावर शब्द लिहून ओरडत, “उपटा!” आणि पोरं छप्पर हादरेल अशी ओरडत, “उपटला!” कधी कधी खरंच काहीतरी निघायचं. डेंटिस्टमधून दात निघाला. मॅटर्निटीतून माता निघाली. कॅन्डिडेटमधून पांढरा रंग निघाला, कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस पांढराशुभ्र झगा घालून लोकांना हात जोडत फिरायचा. याचं पोरांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी तालुक्यातले उमेदवार पाहिलेले होते. पण जिथे काहीच निघत नसे तिथेही मास्तर रिकाम्या हातानं परतत नसत. डॉक्टर म्हणजे काय, तर ‘डोकं-तर’, ज्याला डोकं तरी आहे असा. मूळ शब्दाचा अर्थ शिकवणारा असा आहे, हे शिकवणाऱ्याला ठाऊक नाही, आणि पोरं मान खाली घालून उतरवून घेताहेत.

‘पेड म्हणजे पाय’ हे त्यांचं लाडकं मूळ. पेडल, पेडेस्ट्रियन, आपलं पद, सगळं एका गोत्रातलं. तेही खरं. पण त्यांच्या बायकोची, रंगूबाईंची, टाच धरली तेव्हा ते त्यांना वाशीमला घेऊन गेले आणि पाट्या वाचत वाचत थेट पेडियाट्रिशियनच्या दारात नेऊन बसवलं. चहूकडे रडणारी लेकरं, मधोमध रंगूबाई. कंपाउंडरनं विचारलं, “पेशंट कुठाय?” रंगूबाईंनी पाय पुढे केला. तो ‘पेड’ ग्रीक आहे, आणि ग्रीकात तो पाय नसतो, लेकरू असतो. मास्तरांनी चूक कबूल केली का? छे. परतताना बसमध्ये ते म्हणाले, “शब्दच चुकीचा बनवला त्याहीनं.” रंगूबाई तेव्हापासून त्यांच्या लॅटिनवर एक अक्षर बोलत नाहीत. टाच अजून दुखते.

अशा घरात ज्योत्स्ना सून म्हणून आली. मंगरूळपीरकडची, बारावी सायन्स पास, आणि पास झाल्यावरही शिकलेलं बरंचसं डोक्यात ठेवलेली. नवरा मुन्ना टेम्पो चालवतो, आणि घरात शेवटी जो बोलेल त्याचं खरं मानतो. मळा बघतात सासू आणि सून. मास्तर मळ्यात येतात ते उभे राहायला.

ज्योत्स्नाला एका गोष्टीचा वीट आला होता. अंधारात उठून भाजी काढायची, बाजारात नेऊन ढीग लावायचा, आणि मग कुणीतरी व्यापारी येऊन बुटाच्या टोकानं तो ढीग ढकलून बोली बोलणार. हातानंही नाही, बुटानं. दुपारपर्यंत मेथी मान टाकते, बाईनं नाही टाकली तरी. म्हणून वाशीमच्या एका खासगी दवाखान्याच्या कॅन्टीनला रोज ताजी भाजी हवी आहे असं कानावर आलं, तशी ती मुन्नाला टेम्पो काढायला लावून तिथे जाऊन थडकली. कॅन्टीन चालवणारा हर्षल हा तरुण ठेकेदार बोलायला तुटक, पण सरळ होता.

“ताई, आठ दिवस आणून दाखवा. माल चांगला राह्यला तं रोजचं काम तुमचं. क्रेट स्वच्छ पायजे. अन् क्रेटवर नाव पायजे, इंग्रजीत. वरचे साहेब लोक किचनमंदी चक्कर मारतात.”

एकट्या घरच्या मळ्यावर एवढं भागणार नव्हतं. ज्योत्स्नानं शेजारच्या मळ्यांतल्या बायका जमवल्या. त्यांत सगळ्यांत पुढे आवडाबाई, ज्यांची जीभ खुरप्यापेक्षा धारदार. साऱ्याजणींचं एकच म्हणणं होतं: ते बूट पुन्हा बघायचे नाहीत.

नाव ठरलं ते अंगणात, जुड्या बांधताना. म्हणजे ठरलेलंच होतं. ज्योत्स्ना म्हणाली होती ‘हिरवा मळा’, आणि बायकांनी मान हलवली होती. तेवढ्यात क्लास सुटून मास्तर आले.

“हिरवा मळा? हिरवा नसलेला मळा कोनता असते वं? नावाले मूळ पायजे, पोरी. लॅटिन पायजे.”

“मामाजी, त्याहीले मेथी पायजे.”

“मेथी कोनीबी देते. नाव कोन देते?” मास्तरांनी डोळे मिटले. असे डोळे मिटले की घरात काहीतरी नुकसान होतं, हे रंगूबाईंना ठाऊक होतं. त्या उठून सांबार निवडायला आत गेल्या. सांबार म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. “वीर!” मास्तर डोळे उघडून म्हणाले. “लॅटिनमंदी बी वीरच. वीर म्हणजे मर्द. आपला वीर अन् त्याहीचा वीर, सख्खे भाऊ. त्याच्यातून काय काय निघालं पाह्य. व्हिराईल निघालं, व्हर्च्यू निघालं. अन् सगळ्यात जबरा, वीरुलंट! फ्रॉडुलंट म्हणजे फ्रॉडनं भरलेला, तसं वीरुलंट म्हणजे वीरानं ठासून भरलेला. ही मेथी खाल्ली का पेशंट खाटीवरून उठून पयालाच पायजे!”

आता यातली गंमत बघा. व्हिराईल बरोबर, व्हर्च्यू बरोबर, वीराशी नातं बरोबर, ‘भरलेला’ हेही बरोबर. सगळं बरोबर आणि उत्तर मात्र भयंकर. अडाणी माणूस अशी चूक करूच शकत नाही; त्याला अर्धं माहीत असावं लागतं.

आवडाबाईंनी जुडीला गाठ मारली. “मास्तर, मंग थो कोरोनाचा व्हायरस, थो बी वीराचाच का?”

“नाई तं काय! साऱ्या दुनियेले घरात कोंडलं त्यानं. वीर नाई तं कोन?”

“माहे मालक नेले त्यानं,” आवडाबाई म्हणाल्या. “मोठा वीर लागून गेला.”

कुठल्याही शहाण्या माणसानं इथे जीभ आवरली असती. मास्तर वीरुलंटचं स्पेलिंग जमिनीवर काडीनं लिहीत होते.

ज्योत्स्नाला तो शब्द ओळखीचा वाटत होता. बारावीच्या बायॉलॉजीत होता कुठेतरी, आणि त्याच्या आजूबाजूला उंदीर होते. पांढरे उंदीर, आणि त्यांचं काहीतरी वाईट झालं होतं. ती मुन्नाला म्हणाली, “मोबाईलात पाह्य बरं जरा.”

“मोबाईल कालचा,” मास्तर म्हणाले. “लॅटिन दोन हजार वर्साचं. बापाच्यापेक्षा मोबाईलवर भरोसा हाय का रे तुह्या?”

मुन्नानं मोबाईल खिशात ठेवला. ज्योत्स्नानं पुढची जुडी बांधायला घेतली. बायका बसलेल्या, अंगण भरलेलं, सुनेनं सासऱ्याला चारचौघींत खोटं कसं पाडावं? तिनं रीत पाळली. डोक्यात मेलेले उंदीर फिरत असताना रीत पाळण्याचा हा मूर्खपणा तिचा स्वतःचा, तो मास्तरांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

हरीओम पेंटरनं हिरव्या क्रेटांवर लाल रंगात ठळक इंग्रजी अक्षरांत नाव काढलं. मास्तर त्याच्या डोक्यावर उभे राहून एकेक अक्षर सांगत होते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून अर्थही सांगत होते.

पहिल्याच दिवशी कॅन्टीनच्या मागच्या दाराशी क्रेट उतरत होते, तेव्हा दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ सुप्रिया मॅडम चक्कर मारायला आल्या. त्यांनी मेथी हातात घेतली, मोडून पाहिली, वास घेतला. चेहरा प्रसन्न झाला. मग क्रेटवर नजर गेली.

“हे काय लिहिलंय?”

“नाव हाय, मॅडम,” हर्षल म्हणाला. “लॅटिन हाय म्हणे.”

“लॅटिन आहेच की!” मॅडमना हसू आलं आणि ते लगेच गेलं. “लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, अकरावीच्या पुस्तकातसुद्धा असतं. व्हिरुलंट म्हणजे विषानं भरलेलं. जीव घेणाऱ्या जंतूला आम्ही तसं म्हणतो. वर आयसीयू आहे हर्षल, आणि खाली तुमच्या दाराशी लाल अक्षरात विषारी मेथी. कोणत्या शहाण्यानं ठेवलं हे नाव?”

“उंदीर,” ज्योत्स्ना पुटपुटली.

“काय?”

“बारावीले होतं, मॅडम. त्या जंतूची सुई टोचली का उंदीर मरतात. व्हिरुलंट जंतू.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. “मग लिहिलंत कशाला?”

ज्योत्स्नानं हातातला क्रेट फिरवून अक्षरं भिंतीकडे केली.

हर्षलनं भाजी पोत्यांवर ओतून घेतली आणि रिकामे क्रेट टेम्पोत फेकले. “आजचं झालं. उद्या हे क्रेट दिसले तं येऊच नका. मेहकरचा एक माणूस तयारच बसला हाय.”

रिसोड येईपर्यंत मुन्ना दोनदा म्हणाला, “आता काय करतं वं?” आणि दोन्ही वेळा त्यालाच कळलं की न विचारलेलं बरं. बसस्टँडपाशी ज्योत्स्ना उतरली, एक क्रेट काखेत मारला, जिना चढली आणि भरल्या क्लासात मास्तरांच्या टेबलावर तो आपटला. रीत टेम्पोतच राहिली.

“मामाजी, विषाले लॅटिनमंदी काय म्हणतात?”

“विषाले?” मास्तर खडू हातात धरून म्हणाले. “पॉयझन. नाई, व्हेनम.”

“व्हायरस म्हणतात. अन् विषानं भरलेल्याले काय म्हणत असतीन?” तिनं क्रेट फिरवून पोरांपुढे धरला. “हे म्हणतात. विषारी मेथी घिऊन गेलो आमी दवाखान्यात. बिमार लोकायच्या जेवनासाठी.”

वर्गात खुसखुस झाली. मास्तरांचा चेहरा क्षणभर मागच्या बाकावरच्या मुळेवाल्यासारखा झाला. क्षणभरच. “कोन म्हनते?”

“तिथच्या मॅडम.”

“त्याहीनं लॅटिन कुठं शिकलं?” मास्तरांनी खडू टेबलावर ठोकला. “डिक्शनरीवाले एकमेकाचं पाहून लिहितात. मूळ कोनी पाहत नाई. मीच येतो उद्या वाशीमले. फळा घिऊन येतो. त्या मॅडमले बी सांगतो अन् ठेकेदारालेबी.”

ज्योत्स्नाच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं: कॅन्टीनचं मागचं दार, हर्षल, सुप्रिया मॅडम, आणि मास्तर फळा भिंतीला टेकवून ओरडताहेत, ‘उपटा!’ मेहकरच्या माणसाला त्याच दुपारी फोन गेला असता. आरडाओरडा करून हा माणूस थांबणार नव्हता. त्याला थांबवायचं तर त्याच्याच भाषेत बोलायला हवं होतं.

“मामाजी,” ती आवाज उतरवून म्हणाली, “वीर खरा हाय तुमचा. पन आपल्या विषाचा अन् त्याहीच्या व्हायरसचा आवाज पाहा बरं. थे बी सख्खे भाऊच. दोन मुळे शेजारी-शेजारी होते. तुमी पाला एकाचा धरला अन् उपटला दुसरा.”

समीक्षा नावाची पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, विष जुळते बरोबर. व्हायरस, विष.”

जुळतं, आणि खरंच जुळतं. दोन्ही एकाच जुन्या घराण्यातले शब्द आहेत. शिवाय लॅटिनमध्ये मर्दाच्या शब्दातला ‘वि’ ऱ्हस्व आहे आणि विषाच्या शब्दातला दीर्घ, आपल्याकडे नेमकं उलट. लक्ष देणारा माणूस तिथे ठेचकाळला तरी असता. पण ऱ्हस्वदीर्घापर्यंत मास्तर कधी पोचलेच नव्हते.

त्यांनी फळ्यावर एकाखाली एक ‘विष’ आणि ‘व्हायरस’ लिहून पाहिलं. मग वळून म्हणाले, “बरं. मागचं शेपूट पुसून टाका. पुढचं वीर राहू द्या. तेवढं तं बरोबर हाय नं?”

ज्योत्स्नाला हायसं वाटलं. वाशीमची स्वारी टळली, हेच पुष्कळ होतं. उन्हं उतरायच्या आत अंगणात बाकीचे क्रेट मांडले गेले, हरीओमकडून थिनरचा डबा आला, आणि बायका चिंध्या घेऊन बसल्या. शेपूट पुसलं गेलं. प्रत्येक क्रेटवर नुसतं ‘वीर’ राहिलं. मास्तर खुर्ची टाकून देखरेख करत होते.

आवडाबाईंनी हात थांबवला. “आता हे राह्यलं याचा अर्थ काय, मास्तर?”

“सांगतलं होतं नं. वीर म्हणजे मर्द. पुरुष.”

“मर्द?” आवडाबाईंनी चिंधी खाली ठेवली. “निंदाले आमी, पानी धराले आमी, सकाऊन उठून जुड्या बांधाले आमी, अन् नाव मर्दाचं? कोनता मर्द आला होता वं मेथी तोडाले? मले दाखवा बरं एक.”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मग मुन्नाकडे.

“मी टेम्पो चालवतो,” मुन्ना म्हणाला.

“टेम्पोवर लिव मंग!”

मास्तर समजावू लागले की लॅटिनमध्ये मर्द म्हटलं की नुसता मर्द नव्हे, त्यात गुण येतात, पराक्रम येतो, व्हर्च्यू येतं. तेवढ्यात रंगूबाई आतून आल्या. दुखऱ्या टाचेनं लंगडत येऊन त्यांनी आवडाबाईंची चिंधी उचलली, थिनरमध्ये बुडवली आणि पहिल्या क्रेटवरचा वीर एका हातानं पुसून टाकला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या नवऱ्याच्या लॅटिनविषयी बोलल्या.

“उपटा!” रंगूबाई म्हणाल्या.

“उपटला!” बायका ओरडल्या. शेजारची कोंबडी भिंतीवरून उडाली.

दुसऱ्या दिवशी क्रेटांवर ‘हिरवा मळा’ होतं, अक्षरं तेवढी इंग्रजी, अजून ओलसर. सुप्रिया मॅडमनी ते वाचलं. वाचता आलं, कळलं, म्हणून त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. पालकाची पानं उलटीसुलटी करून त्या एवढंच म्हणाल्या, “असाच आणत जा.” आठवडा सरल्यावर हर्षल म्हणाला, “ताई, सोमवारपासून सांबार जास्त आणजा,” आणि मेहकरच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही. बाजारातल्या त्या बुटांना आता दुसऱ्या कुणाचे तरी ढीग शोधावे लागतात.

मास्तरांनी मात्र टेबलावर आपटलेला तो क्रेट न पुसता ठेवून घेतला, शिकवायला म्हणून. तो वर्गाच्या दाराशी ठेवला आहे, लाल अक्षरं बाहेर करून. प्रत्येक नव्या पोराला ते सांगतात की आपलं विष आणि लॅटिनचा व्हायरस हे सख्खे भाऊ, आणि हे त्यांनी स्वतः, बऱ्याच अभ्यासानंतर शोधून काढलं. समीक्षा तेव्हा खिडकीबाहेर बघते.

“उपटा!” मास्तर ओरडतात.

“उपटला!” पोरं ओरडतात, आणि क्लास सुटला की त्या क्रेटावर तुटून पडतात, कारण सगळ्यांच्या चपला त्यातच असतात. पेड म्हणजे पाय. एवढं मात्र मास्तरांना बरोबर जमलं.